निअँडरथलची हाडं कुठे कुठे सापडली, आणि आपल्याकडे का नाहीत

प्रश्न दोन होते. निअँडरथल माणसाचे, म्हणजे आता नामशेष झालेल्या आपल्या भाऊबंद मानवजातीचे, अवशेष जगात नेमके कुठे कुठे सापडलेत हा एक, आणि भारतात एकही का नाही हा दुसरा. मी उत्खननात निघालेली हाडं ओळखायचं काम करतो, बहुतेक सगळी जनावरांचीच, गाय बैल शेळी हरीण, पंचवीसेक वर्षं झाली आता. त्यामुळे उत्तर लांबणार आहे आणि हाडांच्या बाजूनेच येणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

घाई असेल त्यांच्यासाठी: पश्चिमेला पोर्तुगाल, स्पेन, जिब्राल्टर, वेल्स. मध्ये फ्रान्स, बेल्जियम, जर्मनी, इटली, क्रोएशिया. खाली इस्राएल, सीरिया, इराक, इराण. पूर्वेला उझबेकिस्तान आणि शेवटचं टोक म्हणजे सैबेरियातला अल्ताई पर्वत. आफ्रिकेत एकही नाही, चीनमध्ये सगळ्यांना मान्य असलेलं हाड नाही, भारतात नाही. पण हा नकाशा बघताना एक लक्षात घ्या. तो निअँडरथल कुठे राहायचे याचा नाहीये, त्यांची हाडं कुठे टिकली आणि तिथे कोणी खणलं याचा आहे. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि टीव्हीवरचे नकाशे तो कधी दाखवत नाहीत.

नावापासून सुरू करू. जर्मनीत ड्युसेलडॉर्फजवळ निअँडर दरी आहे, टाल म्हणजे दरी. पूर्वी ते लोक टाल लिहिताना त्यात एक जास्तीचा एच घालायचे, उच्चार तेव्हाही टाल असाच. 1901 मध्ये त्यांनी स्पेलिंग सुधारलं पण शास्त्रीय नावात जुनंच राहिलं, म्हणून आपण थल म्हणतो. चालतं, कोणी भांडू नये. तर या दरीत चुनखडीची खाण होती. 1856 च्या ऑगस्टमध्ये मजूर कड्यावरच्या फेल्डहोफर नावाच्या छोट्या गुहेतली चिकणमाती उकरून खाली फेकत होते, कारण त्यांना पाहिजे होता दगड, माती नको होती. त्या मातीत हाडं निघाली. खाणमालकांना वाटलं गुहेतल्या अस्वलाची असतील, आणि त्यांनी ती जवळच्या गावातल्या योहान कार्ल फुलरॉट नावाच्या मास्तरांना दाखवली ज्यांना या गोष्टींचा नाद होता. मास्तरांनी बघितलं, अस्वल नाही, माणूस आहे, पण आपल्यासारखा नाही. 16 हाडं वाचली, कवटीचं वरचं टोपण, मांड्या, दंड, थोड्या बरगड्या असं काही. बाकीचा माणूस मातीबरोबर दरीत गेला.

मग पुढची काही वर्षं नुसती भांडणं. बॉनचे प्राध्यापक शाफहाउजन म्हणाले फार प्राचीन माणूस आहे. त्यांच्याच विद्यापीठातले मायर म्हणाले छे, नेपोलियनच्या मागे लागलेल्या रशियन फौजेतला कोझॅक घोडेस्वार असणार, घोड्यावर बसून बसून मांड्या वाकल्यात. विरशॉ म्हणजे त्या काळचा केवढा मोठा डॉक्टर, तो म्हणाला आजारी माणूस आहे, लहानपणी मुडदूस झालेला. 1864 मध्ये विल्यम किंग यांनी होमो निअँडरथॅलेन्सिस हे नाव छापलं आणि ते टिकलं.

आता माझा आवडता भाग. ती गुहा तर खाणीत पूर्ण गेली, कडाच राहिला नाही. पण राल्फ श्मिट्झ आणि युर्गेन थिसेन या दोघांनी जुनी कागदपत्रं चाळून मजुरांनी माती कुठे फेकली असेल ती जागा शोधली, 1997 ला आणि परत 2000 ला तिथे खणलं, आणि त्या फेकलेल्या मातीत हाडांचे तुकडे मिळाले. त्यातला एक तुकडा बॉनच्या म्युझियममधल्या त्या मूळ सांगाड्याच्या डाव्या मांडीला गुडघ्यापाशी फिट बसला. खटकन. तब्बल 140 वर्षांनी. तुटलेली दोन हाडं जोडून बघताना जेव्हा कडा कडेत बसते तेव्हा बोटांना एक बारीक कुरकुर जाणवते, आमच्या धंद्यात याच्याहून मोठा आनंद नाही, मला तो शेळीच्या खुब्याला मिळाला तरी दिवसभर पुरतो. त्याच 1997 मध्ये याच माणसाच्या दंडाच्या हाडाचा छोटा तुकडा कापून स्वांते पेबो यांच्या टीमने निअँडरथलचा पहिला डीएनए काढला.

पण पहिला सापडलेला निअँडरथल हा नव्हेच. बेल्जियममध्ये एंजिस इथे श्मरलिंग नावाच्या डॉक्टरांना 1829 च्या सुमारास एका लहान मुलाची कवटी मिळाली होती, आणि ती निअँडरथलची आहे हे कळायला 1936 उजाडलं. जिब्राल्टरला फोर्ब्स क्वारी, परत खाणच बघा, तिथे 1848 मध्ये एक कवटी निघाली, बाईची, लेफ्टनंट फ्लिंट यांनी तिथल्या सायन्स सोसायटीसमोर ठेवली आणि मग ती पडून राहिली, कोणाला काही बोध झाला नाही. नशीब थोडं वेगळं असतं तर आज सगळे जिब्राल्टर माणूस म्हणाले असते. आता ती लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे, कोणी त्या बाजूला राहत असाल तर जाऊन बघा, चेहऱ्याचा भाग आहे तिला, भुवयांवरचा हाडाचा उंचवटा आणि मोठ्ठं नाकाचं भोक समोरासमोर दिसतं, फोटोत ते कळत नाही.

विरशॉचं ते आजारी माणूस प्रकरण संपलं 1886 मध्ये, बेल्जियममधल्याच स्पी गुहेत. दोन सांगाडे निघाले, दगडी हत्यारांसोबत, आणि नामशेष झालेल्या प्राण्यांच्या हाडांसोबत एकाच थरात. एक जण आजारी असू शकतो हो, पण वेगवेगळ्या ठिकाणचे सगळेच जण तसेच आजारी कसे असतील?

क्रोएशियातलं क्रापिना हे नाव आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नसतं आणि माझ्या मते ते पहिल्या तीनात यायला पाहिजे. 1899 ते 1905 गोर्यानोविच क्राम्बर्गर यांनी तिथे खणलं, मानवी हाडांचे जवळजवळ 900 तुकडे, वय साधारण 1,30,000 वर्षं, आणि माणसं कित्येक, बाळांपासून मोठ्यांपर्यंत. त्या काळात लोक गुहेतून नुसती छान छान हाडं वेचून बाकी टाकून द्यायचे, या माणसाने थर लिहून ठेवले, जनावरांची हाडं ठेवली, हाडांचे एक्सरे काढले, फ्लोरिनची टेस्ट करून माणसाची आणि गेंड्याची हाडं एकाच काळातली आहेत का ते तपासलं. सगळं जपून ठेवल्याचा फायदा शंभर वर्षांनी झाला. झाग्रेबच्या म्युझियममधल्या त्याच संग्रहात गरुडाची आठ नखं होती, आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालं की त्यांच्यावर कापल्याच्या खुणा आहेत आणि घासून गुळगुळीत झाल्यात, म्हणजे माळ किंवा काही दागिना असावा. विद्यार्थ्यांना मी हेच उदाहरण देतो जेव्हा ते म्हणतात सर ही पक्ष्याची बारीक हाडं ठेवायची का.

फ्रान्सवर लिहायचं तर रात्र जाईल. नैर्ऋत्य फ्रान्समध्ये चुनखडीचे कडे आणि त्यात आसरे, जिथे बघाल तिथे साइट. ल मुस्तिए, ला फेरासी, ला किना. एकाच गोष्टीवर थांबतो. 1908 मध्ये ला शापेल-ओ-सां इथे बुयसोनी बंधूंना, हे पाद्री होते बरं का, एका खड्ड्यात जवळपास पूर्ण सांगाडा मिळाला, म्हाताऱ्या पुरुषाचा, दाढा बहुतेक गेलेल्या. पॅरिसच्या मार्सेलँ बूल यांनी त्याचं वर्णन केलं आणि त्याला वाकलेला, गुडघ्यात मुडपलेला, वानरासारखा चालणारा करून टाकला. आपल्या पाठ्यपुस्तकातलं पोक काढलेल्या आदिमानवाचं चित्र थेट तिथपर्यंत जातं. 1957 ला दोन शरीररचनातज्ज्ञांनी परत तपासलं तेव्हा कळलं की बाबाला पाठीचा आणि सांध्यांचा जबरदस्त संधिवात होता. आमच्या आजोबांचा सांगाडा बघून कोणी सगळे कोल्हापूरकर वाकून चालतात असं लिहावं, तसला प्रकार.

स्पेन-इटलीत खाण कमी आणि गुहेत रांगत जाणारी पोरं जास्त. उत्तर स्पेनमध्ये एल सिद्रॉन गुहेत 1994 मध्ये काही जणांना जबडे सापडले. त्या गुहेत यादवी युद्धाच्या काळात माणसं लपलेली असं लोक सांगायचे, त्यामुळे प्रकरण गेलं थेट पोलिसांकडे, मग कोर्ट, मग फोरेन्सिक. निघाले निअँडरथल, साधारण 49,000 वर्षं जुने, पुढे खणत गेल्यावर एकूण 13 जण, मोठे आणि मुलं मिळून. डीएनएवरून असं दिसतं की पुरुष एकाच आईच्या वंशातले आणि बायका वेगवेगळ्या, म्हणजे मुली लग्न होऊन, आता लग्न म्हणायचं की नाही ते जाऊ दे, बाहेरून येत असाव्यात. इटलीत आल्तामुरा गावाजवळ 1993 मध्ये एका खोल कपारीत अख्खा सांगाडा दिसला, त्याच्यावर पाण्यातल्या चुन्याचे साबुदाण्यासारखे दाणे दाणे जमलेले. तो माणूस आजही तिथेच आहे, बाहेर काढलाच नाही, काढायला गेलं तर मोडेल, खांद्याच्या हाडाचा छोटा तुकडा तेवढा डीएनएसाठी घेतला. आणि रोमच्या दक्षिणेला ग्वात्तारी गुहा, तिथे 1939 मध्ये सापडलेल्या कवटीवरून नरभक्षणाचा विधी वगैरे केवढ्या कथा रचल्या गेल्या, खरं म्हणजे ती गुहा तरसांची. 2021 मध्ये तिथेच आणखी नऊ जणांचे अवशेष जाहीर झाले आणि त्यावरही तरसांचे दात. तरसाने चावलेलं हाड मी रोज बघतो, टोकं कुरतडलेली, नळी उरलेली, कडेला दातांच्या खळग्या, एकदा डोळा बसला की विधी-बिधी डोक्यात येत नाही.

एक विचित्र सांगून पुढे जातो. नेदरलँड्सच्या किनाऱ्याजवळ समुद्राच्या तळातून शिंपले उपसतात, त्या ढिगात निअँडरथलच्या कपाळाचा तुकडा मिळाला, 2009 मध्ये जाहीर केलं. हिमयुगात उत्तर समुद्राचा तो भाग कोरडी जमीन होता, मॅमथ फिरायचे. म्हणजे नकाशावर पाण्यातही एक टिंब आहे.

आता शानिदार. इराकच्या कुर्दिस्तानमध्ये झाग्रोस डोंगरात, मोठी थोरली त्रिकोणी तोंडाची गुहा, धनगर लोक अगदी अलीकडेपर्यंत हिवाळ्यात शेळ्यामेंढ्या घेऊन तिथे राहायचे. राल्फ सोलेकी यांनी 1951 ते 1960 मध्ये तिथे खणलं आणि दहा जणांचे अवशेष मिळाले. पहिला नंबर बघा, उजवा हात कोपराजवळून गेलेला आणि वरचा दंड वाळून बारीक झालेला, डाव्या डोळ्यापाशी जबर मार, बहुधा त्या डोळ्याने आंधळा, कानात हाड वाढून ऐकू कमी येत असणार. आणि हे सगळं भरून आल्यावरही तो कितीतरी वर्षं जगला, चाळिशीपर्यंत. कोणीतरी त्याला धरून होतं एवढं हाडं सांगतात, त्याच्या पुढचं मी बोलत नाही. चौथ्या नंबरच्या सांगाड्याभोवतीच्या मातीत फुलांचे परागकण मिळाले आणि फुलं वाहून पुरलं ही गोष्ट जगभर गेली. तिच्यावर शंका फार आहेत, उंदरासारखे प्राणी नाहीतर मधमाश्या बिळात पराग नेतात, आणि ते जास्त पटण्यासारखं आहे. गोष्ट गोड आहे म्हणून ती सुटत नाही इतकंच.

2018 मध्ये केंब्रिजच्या टीमला तिथेच आणखी एक मिळाला, शानिदार झेड म्हणतात, साधारण 75,000 वर्षं जुना, बहुधा चाळिशीतली बाई. डोक्यावर दगड पडून कवटी दोन सेंटीमीटर जाडीची झालेली, पोळी लाटल्यासारखी, 200 च्या वर तुकडे. अशी हाडं हाताने उचलता येत नाहीत. ओलसर असतात, बोट लागलं की पीठ. मग काय करायचं तर पातळ केलेला डिंकासारखा पदार्थ थेंब थेंब सोडायचा, तो मुरू द्यायचा, आणि मातीच्या गोळ्यासकट चौकोन कापून उचलायचं, फॉइलमध्ये गुंडाळायचं, लॅबमध्ये नेऊन मग महिनोन्‌महिने तो गोळा सोडवत बसायचं. मी हे मातीतल्या कुत्र्याच्या कवटीवर केलंय, तिसऱ्या दिवशी कंबर बोलायला लागते आणि चौथ्या दिवशी लक्षात येतं की वरचा जबडा उलटा बसवलाय.

इस्राएलमध्ये ताबून, अमूद, केबारा. केबाराला 1983 मध्ये जो सांगाडा मिळाला त्याला कवटी नाही पण कंठास्थी शाबूत, गळ्यातलं ते घोड्याच्या नालेसारखं नाजूक हाड, इतकं जुनं सहसा टिकत नाही, आणि ते आपल्यासारखंच दिसतं म्हणून निअँडरथल बोलायचे का यावर वाद पेटला. गंमत म्हणजे त्याच डोंगराळ पट्ट्यातल्या दुसऱ्या गुहांमध्ये आपल्या जातीची माणसं मिळतात आणि ती केबाराच्या निअँडरथलपेक्षा जुनी. म्हणजे एक गेला मग दुसरा आला असा सरळ हिशोब तिथे लागत नाही.

आपल्याला सगळ्यात जवळचं म्हणावं असं ठिकाण म्हणजे दक्षिण उझबेकिस्तानमधलं तेशिक-ताश. 1938 मध्ये ओक्लादनिकोव्ह यांना तिथे एका मुलाची कवटी आणि काही हाडं मिळाली, साधारण आठ-दहा वर्षांचं पोर, भोवती डोंगरी बोकडाची शिंगं. अफगाणिस्तान ओलांडलं की आलंच. तिकडून ईशान्येला खूप लांब, अल्ताईमध्ये चागिरस्काया, ओक्लादनिकोव्ह गुहा आणि डेनिसोवा. चागिरस्कायामधून तर 2022 मध्ये डीएनएवरून बाप आणि त्याची वयात आलेली मुलगी ओळखली गेली, बापलेक एकाच गुहेत. डेनिसोवामध्ये मोठी हाडं जवळपास मिळतच नाहीत, सगळा चुरा, कारण तरस आणि लांडगे. तर तिथल्या पिशव्यांमधले दोन हजारांवर न ओळखता येणारे तुकडे घेऊन एका टीमने प्रत्येकाचा कणभर भाग कापला आणि कोलॅजेन, म्हणजे हाडातलं प्रथिन, तपासलं. प्रत्येक प्राण्याचं कोलॅजेन मशीनमध्ये टाकलं की थोडे वेगळे आकडे येतात, गाय वेगळी, घोडा वेगळा, माणूस वेगळा. गाय, घोडा, मॅमथ, लांडगा करता करता एक तुकडा माणसाचा लागला, अडीच सेंटीमीटरचा, नखाएवढा म्हणा. त्याचा डीएनए 2018 मध्ये आला: मुलगी, आई निअँडरथल, बाप डेनिसोव्हन, म्हणजे याच गुहेवरून नाव पडलेल्या मानवजातीचा. दोन वेगळ्या मानवजातींचं थेट लेकरू. ते हाड कुठल्या गुहेत सापडलं हे तर झालंच, पण माझ्या दृष्टीने ते सापडलं प्लॅस्टिकच्या पिशवीत, ज्यावर कोणीतरी न ओळखता येणारे असं लिहून ठेवलं होतं.

आणि आता तर हाडही लागत नाही. 2017 मध्ये बेल्जियममधल्या त्रू अल्वेस गुहेच्या नुसत्या मातीतून निअँडरथलचा डीएनए निघाला, तिथे मानवी हाड एकही मिळालेलं नाही.

बरं, भारत. आधी हत्यारं बघा. ज्या पद्धतीची मध्य पुराश्मयुगीन हत्यारं युरोपात निअँडरथल वापरायचे त्या काळची आणि साधारण त्या धाटणीची हत्यारं आपल्याकडे ढिगाने आहेत. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरेकाठी नेवाशाला पुरातत्वज्ञ सांकलिया सरांनी 1950 च्या दशकात काम केलं, त्या हत्यारांना बरेच दिवस नेवासन असंच नाव होतं. चेन्नईजवळ अत्तिरमपक्कमला तसल्या हत्यारांचं वय 3,85,000 वर्षांपर्यंत मागे गेलंय, हे 2018 मध्ये आलं. पण हत्यारावर कारागिराचं नाव नसतं. निअँडरथलने केली, आपण केली की तिसऱ्याच कोणी, दगड सांगत नाही, हाड पाहिजे.

आणि हाडाचं आपल्याकडे वांधं आहे. वर जेवढ्या जागा सांगितल्या त्या जवळजवळ सगळ्या चुनखडीतल्या. चुनखडीत पाणी मुरतं, गुहा आपोआप होतात, आणि चुन्याच्या पाण्यात हाड टिकतं. महाराष्ट्र बघा, बहुतेक सगळा काळा कातळ, बेसॉल्ट. आपल्या लेण्या माणसांनी छिन्नीने कोरल्यात, हाडं साठवणाऱ्या नैसर्गिक गुहा नाहीत. कोकणात आणि गोव्यात जांभा, आम्ल माती, धो धो पाऊस, हाड काही शतकांत विरघळतं. देशावर काळ्या मातीत चुन्याचे खडे असतात म्हणून इनामगावसारख्या ठिकाणी तीन हजार वर्षांची हाडं मस्त मिळाली, पण तीन हजार म्हणजे या हिशोबात काल संध्याकाळ. आंध्रात कर्नूलला चुनखडीच्या गुहा आहेत, ब्रूस फूट यांनी 1880 च्या दशकात खणल्या, जनावरांची हाडं भरपूर. तसल्या जागा अजून नीट खणायच्या राहिल्यात.

आपल्याकडचं एकमेव जुनं मोठं हाड म्हणजे नर्मदेकाठी हथनोराला अरुण सोनाकिया यांना 5 डिसेंबर 1982 ला मिळालेलं कवटीचं टोपण. ते निअँडरथलचं नाही, हे ठामपणे सांगतो कारण व्हॉट्सअपवर दर वर्षी फिरतं. कोणी होमो इरेक्टस म्हणतं, कोणी हायडेलबर्गेन्सिसच्या गटात टाकतं, या दोन्ही आणखी जुन्या मानवजाती, भांडण मिटलेलं नाही. दुसरीकडे, निअँडरथलचा अंश मात्र आपल्यात आहे, आफ्रिकेबाहेरच्या सगळ्यांमध्ये साधारण दोन टक्के. 2020 मध्ये झेबर्ग आणि पेबो यांनी दाखवलं की कोविड गंभीर होण्याचा धोका वाढवणारा तिसऱ्या क्रोमोसोमवरचा एक तुकडा निअँडरथलकडून आलाय, आणि तो दक्षिण आशियात साधारण निम्म्या लोकांत असतो, युरोपात 16 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे हाड नाही पण उधारी आहे.

शेवटी कामाचं. खडी क्रशर, विहीर, नदीतली वाळू, कुठेही जुनं हाड दिसलं तर धुऊ नका, ब्रश मारू नका, फेविकॉल तर अजिबात नको, चिकटलेली माती तशीच राहू द्या कारण वय त्या मातीवरून ठरतं. जागेवर असतानाच फोटो काढा, शेजारी पेन किंवा पाच रुपयाचं नाणं ठेवून, मग किती खोल आणि कुठल्या थरात ते लिहा आणि जवळच्या विद्यापीठाच्या पुरातत्व विभागाला कळवा. जिभेला लावून चिकटतंय का बघायची एक जुनी ट्रिक आहे, जुनं हाड जिभेला धरतं आणि दगड धरत नाही, आम्ही करतो, तुम्ही करू नका. मला असे फोटो महिन्याला दोन-चार येतात आणि आजवर सगळी म्हशीची निघालीत, एक सोडून, ते पीव्हीसी पाइपचं कोपर होतं.